क्वेकर एकमेकांना धर्मभ्रष्ट का म्हणत होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "क्वेकर म्हणजे शांत बसून प्रार्थना करणारे, युद्धाला ठाम नकार देणारे लोक, असं आजवर वाचलं होतं. पण सतराव्या शतकातली त्यांची पुस्तकं चाळली तर पानोपानी एकमेकांना धर्मभ्रष्ट म्हटलेलं दिसतं. हे कसं? आणि जॉर्ज कीथ खरंच धर्मत्यागी होता, की त्याला तसा ठरवला?"

कीथ हा क्वेकर या इंग्लंडात जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाचा एक विद्वान प्रचारक. त्याच्याबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकतो. १६९२ साली तो धर्मत्यागी नव्हता. १७०० साली होता. मधल्या आठ वर्षांत जे घडलं त्यात त्याच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे, पण त्याच्यावर झालेल्या आरोपाचाही तेवढाच आहे. आता हे नीट उलगडायचं तर चाळीस वर्षं मागून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी एक शब्द. इंग्रजीतल्या 'अ‍ॅपोस्टेट'ला मराठीत आपण कधी 'पाखंडी' म्हणतो, कधी 'धर्मभ्रष्ट'. माझ्या मते इथे 'पाखंडी' चालत नाही. पाखंडी म्हणजे ज्याचं मत चुकीचं तो. तो घरातच बसून चुकीचं बोलतो. 'अ‍ॅपोस्टेट' म्हणजे घर सोडून गेलेला, एकदा जे धरलं ते टाकणारा. म्हणून एखाद्याला पाखंडी ठरवायला लिखित सिद्धान्त लागतो: हे कलम बघ, तू त्याच्या विरुद्ध बोललास. धर्मभ्रष्ट ठरवायला फक्त एवढं म्हणावं लागतं की, तू पूर्वी जिथे होतास तिथे आता नाहीस. क्वेकरांकडे लिखित कलमं नव्हतीच. त्यांच्या भांडणात हा दुसरा शब्द इतका का वापरला गेला, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं त्यांच्या जन्मात आहे. जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरमधल्या फेनी ड्रेटन गावच्या विणकराचा मुलगा, जन्म १६२४, चांभाराच्या हाताखाली शिकलेला. इंग्लंडात राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध पेटलेलं असताना तो गावोगाव फिरला, पाद्र्यांना प्रश्न विचारत राहिला आणि शेवटी या निष्कर्षाला आला की येशूचे शिष्य गेल्यापासून सगळं चर्चच भ्रष्ट झालं आहे. एखाद-दुसरा पाद्री नव्हे, रोम तेवढं नव्हे, सगळंच. दीड हजारांहून जास्त वर्षांचा तो काळ क्वेकरांच्या भाषेत 'भ्रष्टतेची रात्र'. आणि आता प्रत्येक माणसाच्या आत ख्रिस्ताचा प्रकाश आहे, तो थेट शिकवतो, मधल्या पुरोहिताची गरज नाही, असा त्याचा दावा. १६५० मध्ये डर्बीच्या न्यायाधीशासमोर त्यानं 'देवाच्या शब्दापुढे कापा' असं सुनावलं, तेव्हा त्या न्यायाधीशानं कुचेष्टेनं 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे नाव दिलं. ते स्वतःला 'मित्र' म्हणवत. (आपल्याकडे बहुतेकांना हे नाव ओट्सच्या डब्यावरून माहीत असतं. त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही, नाव तेवढं उचललेलं. वर्ध्याकडच्या काहींना मात्र सेवाग्रामच्या नई तालीममध्ये काम केलेल्या मार्जरी साइक्स आठवतील. त्या खऱ्या क्वेकर.)

आता बघा, ज्या पंथाचा पहिलाच दावा 'सगळे मार्ग सोडून गेले, आम्ही परत आलो' असा आहे, त्या पंथात उद्या मतभेद झाला तर शिवी कोणती हाताशी असेल?

बाहेरच्यांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथे भरभर उरकतो. विल्यम प्रिननं १६५५ मध्ये लिहिलं की हे क्वेकर म्हणजे वेष बदललेले रोमन कॅथलिक आहेत. बाप्टिस्टांनी १६७४ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांच्याशी जाहीर वाद घातले आणि हे ख्रिस्तीच नाहीत असं म्हटलं. बॉस्टनमध्ये तर १६५९ ते १६६१ मध्ये चार क्वेकर फासावर गेले, त्यात मेरी डायर ही बाई होती. हे सगळं त्यांनी सोसलं, एवढंच नव्हे तर आपण खरे असल्याचा तो पुरावाच मानला. आतून झालेला आरोप मात्र त्यांना पचला नाही.

पहिला मोठा घाव जेम्स नेलरचा. नेलर यॉर्कशायरचा, वेकफील्डजवळचा शेतकरी. यादवी युद्धात संसदेच्या सैन्यात, जनरल लॅम्बर्टच्या हाताखाली क्वार्टरमास्टर होता. बोलणं असं की १६५५ मध्ये तो लंडनला आला तेव्हा बाहेरचे कित्येक लोक त्यालाच क्वेकरांचा पुढारी समजत. फॉक्स रांगडा. नेलर लंडनच्या लोकांना भावणारा. त्याच्याभोवती एक गट जमला, त्यात मार्था सिमन्स ही बाई ठळक. लंडनच्या इतर प्रचारकांशी तिचं वाजलं, नेलर मध्ये अडकला, आणि १६५६ च्या उन्हाळ्यात तो एक्सेटरच्या तुरुंगात जाऊन पडला. तिथे डॉर्कस अर्बरी नावाच्या बाईनं सांगितलं की मी मेले होते, नेलरनं मला उठवलं.

फॉक्स त्याला भेटायला तुरुंगात आला. या भेटीचं वर्णन मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश वाचून दाखवत असे, कारण पुढच्या चाळीस वर्षांची सगळी भांडणं तिथे बीजरूपात आहेत. फॉक्स प्रार्थना करायला लागला, तेव्हा नेलर आणि त्याच्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. क्वेकर राजापुढे, न्यायाधीशापुढे टोपी काढत नसत, त्यासाठी फटके खात. पण देवाची प्रार्थना चालली की काढत. म्हणजे इथे टोपी न काढण्याचा अर्थ उघड होता: तुझ्या प्रार्थनेत देव नाही. फॉक्सनं आपल्या आठवणींत हे प्रकरण टिपताना मुद्दाम लिहिलं आहे की हा वाईट पायंडा यांनीच पहिल्यांदा पाडला. नंतर नेलर समेटासाठी त्याचं चुंबन घ्यायला पुढे झाला तर फॉक्सनं हात नाही दिला, पाय पुढे केला. फॉक्सच्या भक्तांना हा प्रसंग अवघड जातो. त्यांच्या बाजूनं मी एवढंच म्हणेन की तो घाबरलेला होता.

मग २४ ऑक्टोबर १६५६. नेलर सुटून ब्रिस्टलकडे निघाला होता. धो धो पाऊस, रस्ता चिखलानं भरलेला. नेलर घोड्यावर, सात-आठ माणसं बरोबर. काही बाया लगाम धरून चिखलातून चालताहेत आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' असं गाताहेत. येशू गाढवावर बसून जेरुसलेमात शिरला त्याची ही नक्कल, हे बघणाऱ्या कुणालाही कळत होतं. ब्रिस्टलला त्या वेळी बरेच क्वेकर होते, ते घरातून बाहेर आले नाहीत. नेलरला पकडल्यावर त्याच्या अंगावर पत्रं सापडली. एकात त्याला देवाचा एकुलता पुत्र म्हटलं होतं, दुसऱ्यात तुझं नाव आता जेम्स नसून येशू आहे असं. नेलरचं म्हणणं शेवटपर्यंत एकच राहिलं: हा मान मला, या देहाला नाही, माझ्या आत जो ख्रिस्त आहे त्याला आहे. तत्त्व म्हणून बघितलं तर ही फॉक्सचीच शिकवण. फॉक्सवरही १६५२ मध्ये लँकेस्टरला ईश्वरनिंदेचा खटला झाला होता.

नेलरवरचा खटला कुठल्या साध्या कोर्टात चालला नाही, थेट संसदेत चालला, आठवडाभराहून जास्त चर्चा झाली. फाशीचा प्रस्ताव ८२ विरुद्ध ९६ मतांनी पडला. मग शिक्षा ठरली: खोड्यात उभं करणं, ३१० फटके, तापलेल्या सळईनं जिभेला भोक, कपाळावर डागणी, ब्रिस्टलमधून घोड्यावर उलटं बसवून धिंड आणि नंतर बेमुदत तुरुंग. तेव्हाचा इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल यानं संसदेला पत्र पाठवून विचारलं की हे कोणत्या अधिकारात केलंत. त्यावर धड उत्तर आलं नाही.

नंतरच्या क्वेकर इतिहासकारांनी बहुतेक दोष मार्था सिमन्सच्या माथी मारला. भल्या माणसाला बायांनी नादी लावलं. ही सोय मला कधीच पटली नाही. नेलर चाळिशीच्या घरातला, युद्धात मुरलेला माणूस होता, आणि घोड्यावरून खाली उतरायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण बाईला दोष दिला की फॉक्सची शिकवणही निर्दोष राहते आणि नेलरही हळूहळू संतांच्या यादीत घेता येतो. तसा तो घेतलाही गेला. १६५९ मध्ये सुटला, विल्यम ड्यूजबरी या क्वेकर प्रचारकाच्या मध्यस्थीनं १६६० च्या सुरुवातीला फॉक्सशी समेट झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तरेला घरी जाताना हंटिंग्डनजवळ चोरांनी त्याला लुबाडून टाकून दिलं. त्यातच गेला. मरताना तो जे बोलला म्हणून सांगतात, कुठल्याही वाईटात आनंद न मानणाऱ्या, सूड न घेणाऱ्या एका आत्म्याची मला जाणीव होते आहे, ते शब्द क्वेकर आजही सभेत वाचतात.

या प्रकरणातून फॉक्स एक गोष्ट शिकला: आतला प्रकाश प्रत्येकाचा वेगळं सांगायला लागला तर पंथ राहत नाही.

पुढचा वाद पुन्हा टोपीवरून. जॉन पेरट नावाचा क्वेकर पोपलाच सुधारायला रोमला गेला होता, १६५८ मध्ये. तिथे त्याला पकडून वेड्यांच्या तुरुंगात टाकलं, बरोबरचा जॉन लफ तिथेच मेला, पेरट तीन वर्षांनी सुटून आला. साहजिकच त्याला हुतात्म्याचं वजन होतं. त्याचं म्हणणं असं: प्रार्थनेत टोपी काढायची ही रीतही माणसानंच घातलेली. आतून प्रेरणा झाली तर काढा, नाही तर नका काढू. पुढे जाऊन तो म्हणाला की सभेची वेळ तरी आधी का ठरवायची? ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तर्क बघा, तो फॉक्सचाच तर्क शेवटच्या टोकापर्यंत नेतो आहे. फॉक्सला त्यात नेलर दिसला, एक्सेटरची ती टोपी घातलेली डोकी दिसली. १६६६ च्या मे महिन्यात, फॉक्स स्वतः स्कारबरोच्या किल्ल्यात कैद असताना, लंडनच्या प्रमुख क्वेकरांनी एक पत्रक काढलं: सभेचा निर्णय जो मानत नाही त्याला पंथाच्या कामात जागा नाही. व्यक्तीच्या प्रकाशापेक्षा सभेचा प्रकाश मोठा, हे इथे पहिल्यांदा पांढऱ्यावर काळं झालं. पेरट तोवर वेस्ट इंडीजला गेला होता आणि १६६५ मध्येच जमैकात वारला होता. तिकडे तो कमरेला तलवार लावून फिरत होता, लोकांना शपथा घ्यायला लावत होता, असं त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर फॉक्सनं बाहेर येऊन पंथाची घडी बसवली. मासिक सभा, तिमाही सभा, लंडनची वार्षिक सभा, बायकांच्या वेगळ्या सभा. १६७३ पासून तर छपाईआधी पुस्तकं तपासणारी सोमवार सकाळची एक समिती. उत्तरेतल्या जॉन विल्किन्सन आणि जॉन स्टोरी या दोन जुन्या प्रचारकांना हे रुचलं नाही. लग्न करायचं तर आधी बायकांच्या सभेपुढे जाऊन सांगायचं, हे तर अजिबातच नाही. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कुणी भरला तर त्याची नावं वहीत का लिहायची, हाही त्यांचा सवाल. उलट बाजूनं त्यांच्यावर आरोप झाला की छळाच्या दिवसांत तुम्ही सभा उघड्यावर न भरवता घळीत लपून भरवल्यात. दोन्हीकडे थोडं थोडं खरं असावं. रॉबर्ट बार्क्ले या विद्वान स्कॉटनं १६७६ मध्ये सभेच्या अधिकाराची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. आणि ब्रिस्टलचा व्यापारी विल्यम रॉजर्स यानं १६८० मध्ये जे पुस्तक काढलं त्याच्या नावातच सगळं आहे: धर्मभ्रष्ट आणि नवे पायंडे पाडणारे यांच्यापासून वेगळा ओळखलेला 'ख्रिस्ती क्वेकर'. इथे धर्मभ्रष्ट कोण? फॉक्स आणि त्याची मंडळी! रॉजर्सच्या हिशेबानं मूळचं क्वेकरपण म्हणजे आतला प्रकाश आणि मोकळीक, आणि समित्या, वह्या, बायकांच्या सभा काढून ते सोडलं फॉक्सनं.

ही पुस्तकं पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला मी हेच सांगतो. 'धर्मभ्रष्ट' शब्द आला की आधी विचारा, याच्या मते मूळ कोणतं साल? रॉजर्सचं मूळ १६५२ चं, फॉक्सच्या सुरुवातीच्या दिवसांतलं. लंडनच्या मंडळींचं १६६६ नंतरचं. कीथचं तर थेट बायबलातलं. साल कळलं की अर्धं भांडण समजतं.

आता कीथ. जॉर्ज कीथ अ‍ॅबर्डीनकडचा, विद्यापीठात शिकलेला, गणित आणि हिब्रू येणारा. क्वेकरांत अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १६६० च्या दशकात तो पंथात आला, तुरुंगवास भोगला, पंथाच्या बचावासाठी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. १६७७ मध्ये फॉक्स, विल्यम पेन, बार्क्ले आणि कीथ हे चौघं एकत्र हॉलंड-जर्मनीच्या दौऱ्यावर गेले, एवढा तो आतल्या गोटातला. १६८५ मध्ये तो अमेरिकेतल्या ईस्ट जर्सी या वसाहतीत सर्वेअर म्हणून गेला. ईस्ट आणि वेस्ट जर्सीची हद्द त्यानं १६८७ मध्ये आखली. १६८९ मध्ये फिलाडेल्फियात क्वेकरांनी काढलेल्या शाळेचा तो पहिला मुख्याध्यापक.

पेनसिल्व्हेनिया ही पेनची वसाहत, तिथे सत्ता क्वेकरांची. इंग्लंडात क्वेकर म्हणजे सत्तेचा मार खाणारा. इथे तोच प्रचारक, तोच न्यायाधीश, तोच जमीनदार. कीथला तिथे दिसलं की पंथातल्या नव्या पिढीला येशू कोण, तो कुठे जन्मला, कशासाठी मेला, हेही धड सांगता येत नाही. आतला प्रकाश पुरे, बाहेरच्या ख्रिस्ताची काय गरज, असं प्रचारकच बोलतात. त्यानं सुचवलं की पंथात येणाऱ्याकडून श्रद्धेची एक छोटी कबुली घ्यावी. शाळामास्तर माणूस, त्याला हे साहजिकच वाटलं असणार. पण क्वेकरांना कबुलीपत्र म्हणजे जे जुनं चर्च टाकून आलो तेच मागच्या दारानं घरात. स्टॉकडेल नावाच्या प्रचारकानं त्याच्यावर ठपका ठेवला की कीथ दोन ख्रिस्त शिकवतो, एक आतला आणि एक बाहेरचा. कीथनं उलट विचारलं की मग तुम्ही बाहेरचा मानतच नाही का?

सिद्धान्ताच्या दृष्टीनं कीथ इथे नवं काही सांगत नव्हता. आतला आणि बाहेरचा एकच ख्रिस्त, हे बार्क्लेनंही लिहिलं होतं. फॉक्सनं स्वतः १६७१ मध्ये बार्बाडोसच्या गव्हर्नरला पाठवलेल्या पत्रात कुमारीपोटी जन्मलेल्या, क्रुसावर मेलेल्या येशूवर आमची श्रद्धा आहे, असं खणखणीत लिहून दिलं होतं. म्हणून मी म्हणतो की १६९२ चा कीथ धर्मत्यागी नव्हे. पण त्याची जीभ! उपगव्हर्नर थॉमस लॉइडला तोंडावर अद्वातद्वा बोलला. सभेत जो समोर येईल त्याला अडाणी ठरवायचा. तो बरोबर असतानाही त्याच्या बाजूला उभं राहणं जड जावं, अशा जातीचा माणूस.

जून १६९२ मध्ये २८ प्रचारकांनी सही करून जाहीर केलं की कीथ आमचा नाही. इथे थोडं थांबतो, कारण मराठीत याला लोक चटकन 'वाळीत टाकलं' म्हणतात. वाळीत टाकणं म्हणजे पाणी-विस्तव बंद. क्वेकरांचं तसं नव्हतं. नाकारलेला माणूस प्रार्थनेच्या सभेला येऊन बसू शकत असे. कारभाराच्या सभेत त्याला स्थान नसे आणि तो पंथाच्या नावानं बोलू शकत नसे. शेजारपाजार, धंदा चालू राहायचा. म्हणूनच तर कीथ पुढच्याच आठवड्यात त्याच सभेत येऊन बोलू शकला.

त्यानं २८ जणांच्या निवाड्याविरुद्ध अपील छापलं. त्यात एक प्रश्न फार झोंबणारा होता. चाच्यांनी एक नाव पळवली होती, ती परत आणायला क्वेकर न्यायाधीशांनी हत्यारबंद माणसं धाडली होती. कीथनं विचारलं, शस्त्र न धरण्याचं आपलं तत्त्व ते हेच का? धर्माचा वाद इथे राज्याचा झाला. छापणारा विल्यम ब्रॅडफर्ड आणि पत्रक वाटणारा जॉन मॅकोम यांना अटक झाली, ब्रॅडफर्डचा छापखाना जप्त. कीथ आणि त्याचा साथीदार थॉमस बड यांना न्यायाधीश जेनिंग्जची बदनामी केल्याबद्दल पाच-पाच पौंड दंड.

ब्रॅडफर्डच्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की हे पत्रक यानं छापलं की नाही एवढंच बघा. ब्रॅडफर्ड म्हणाला, नाही, ते राजद्रोही आहे की नाही हेही ज्युरीनंच ठरवायचं. आता ही गंमत बघा. बावीस वर्षांपूर्वी, १६७० मध्ये, लंडनच्या ओल्ड बेलीत हाच मुद्दा विल्यम पेननं स्वतःच्या खटल्यात मांडला होता. ज्युरीनं न्यायाधीशाला न जुमानता पेनला सोडलं आणि इंग्लंडच्या कायद्यात ज्युरीचं स्वातंत्र्य तिथून पक्कं झालं. त्याच पेनच्या वसाहतीत, पेनचे सहधर्मी न्यायासनावर बसून, आता उलटं बोलत होते. पेन तेव्हा इंग्लंडात होता, आणि त्याच वर्षी राजानं त्याच्याकडून वसाहतीचा कारभार काढून घेतला.

या खटल्याची एक गोष्ट जुन्या अमेरिकन मुद्रणइतिहासात सांगितली जाते. पुरावा म्हणून छपाईच्या खिळ्यांची जुळवलेली चौकट कोर्टात आणली होती. ज्युरीतल्या एकाला उलटी अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्यानं काठीनं चौकट जरा वर उचलायचा प्रयत्न केला, तर खालची फळी सुटली आणि सगळे खिळे जमिनीवर सांडले. पुरावा संपला. खरी असो वा रचलेली, ज्युरीचं एकमत झालं नाही एवढं खरं. ब्रॅडफर्ड १६९३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तिथला पहिला छापखाना त्यानं घातला.

फिलाडेल्फियाच्या सभागृहात तोवर हातघाई आली होती. प्रचारकांनी बसायची उंच बाकं, म्हणजे व्यासपीठच म्हणा, एका भिंतीला होती. कीथच्या माणसांनी समोरच्या भिंतीला दुसरं व्यासपीठ उभारलं. एका सभागृहात दोन तोंडांनी उपदेश सुरू झाला आणि शेवटी कुऱ्हाडी आल्या. तोडताना दोन्ही व्यासपीठं गेली. शांततेसाठी नावाजलेल्या मंडळींचा हा प्रकार.

पण त्याच वर्षी कीथच्या गटानं आणखी एक पत्रक काढलं आणि ते आज सगळ्यात जास्त वाचलं जातं: काळी माणसं विकत घेऊ नका, ठेवू नका. पळवून आणलेला माणूस म्हणजे चोरीचा माल, तो विकत घेणारा चोराचा भागीदार, असा साधा युक्तिवाद. गुलामीविरुद्ध हस्तलिखित निषेध जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्येच क्वेकर सभेला दिला होता, तो खालून वर, वरून आणखी वर जात कागदांत बुडाला. छापील म्हणून मात्र इंग्रज अमेरिकेत कीथवाल्यांचं हे पत्रक पहिलं मानतात. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम ठेवणाऱ्यांना बाहेर काढायचं ठरवायला १७७६ उजाडलं. आज क्वेकर आपल्या गुलामीविरोधाचा इतिहास सांगतात तेव्हा या पत्रकाचं नाव घेतात. ते ज्यांनी लिहिलं त्यांना तेव्हा धर्मभ्रष्ट म्हटलं होतं, ही तळटीप बहुधा राहून जाते.

कीथ १६९४ मध्ये लंडनला गेला. तिथल्या वार्षिक सभेनं वर्षभर ऐकून १६९५ मध्ये त्याला नाकारलं. कारणात सिद्धान्तापेक्षा भांडखोरपणा आणि सभेचं न ऐकणं यावर भर होता, म्हणजे पुन्हा १६६६ चीच कसोटी. १६९६ पासून कीथ लंडनच्या टर्नर्स हॉलमध्ये जाहीर सभा घेऊन क्वेकर पुस्तकांतले उतारे वाचून दाखवायचा आणि त्यांच्या चुका काढायचा. क्वेकरांना बोलावणी धाडायचा, ते जात नसत. त्यांनी उत्तर पुस्तकांतून दिलं. जॉन पेनिंग्टनच्या एका पुस्तकाचं नावच 'कीथविरुद्ध कीथ'. कीथनं क्वेकर असताना लिहिलेलं त्याच्याच तोंडावर फेकायचं. कीथला यातून सुटायला एकच वाट उरली: मी तेव्हाही चुकत होतो असं म्हणणं. ते त्यानं म्हटलंही. आरोपानं माणूस कसा घडतो ते इथे दिसतं. 'तू मूळ सोडलंस' असं सारखं ऐकवलं गेलं, तेव्हा आधी तो म्हणत राहिला की मूळ माझ्याकडेच आहे, आणि ते अशक्य झाल्यावर म्हणाला की मग ते मूळच नको. १७०० मध्ये तो इंग्लंडच्या चर्चमध्ये दीक्षा घेऊन बसला. १७०२ मध्ये चर्चच्या मिशनचा पहिला प्रचारक म्हणून परत अमेरिकेला, या वेळी क्वेकरांना परत चर्चमध्ये आणायला. त्याच वर्षी त्यानं बार्क्लेच्या मुख्य ग्रंथाचं खंडन छापलं, ज्या बार्क्लेबरोबर पंचवीस वर्षांपूर्वी हॉलंडचे रस्ते तुडवले होते.

फ्रान्सिस बगचं प्रकरण मी लांबवत नाही. सफकमधला क्वेकर, रॉजर्सच्या बाजूनं सुरुवात केली, मग पंथच सोडला आणि उरलेलं आयुष्य क्वेकरांविरुद्ध लिहीत राहिला. त्याच्या नात्यातल्या केंब्रिजच्या अ‍ॅन डॉक्रा यांनी १६९९ मध्ये त्याला उत्तर देताना पुस्तकाच्या नावातच त्याच्या सदसद्विवेकाला धर्मभ्रष्ट म्हटलं. कौटुंबिक भांडण छापून निघालं की कसं असतं ते बघायचं तर हे वाचा. कीथइतकी खोली बगमध्ये नाही.

मूळ कागद वाचणार असाल तर तारखांचं सांभाळा. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि क्वेकर महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून घेत नसत, आकडे लिहीत. पहिला महिना म्हणजे मार्च. कीथविरुद्धच्या पत्रकावर चौथ्या महिन्याची २० तारीख आहे, तो एप्रिल नव्हे, जून. फॉक्स वारला त्याची नोंद १६९० च्या अकराव्या महिन्याची १३ तारीख अशी आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं जानेवारी १६९१. माझ्याच एका जुन्या टिपणात मी फॉक्सला एक वर्ष आधी मारलं होतं आणि त्यावर दोन पानांचा युक्तिवाद रचला होता. एका विद्यार्थिनीनं वर्गात हात वर करून विचारलं तेव्हा लक्षात आलं.

कीथचा शेवट ससेक्समधल्या एडबर्टन या खेड्यात झाला, १७१६ मध्ये, तिथला रेक्टर, म्हणजे चर्चचा पाद्री, म्हणून. रेक्टरचं पोट चालायचं दशमांशावर. ज्या दशमांशासाठी त्याच्या जुन्या सोबत्यांची गुरं-धान्य जप्त व्हायची, तोच. क्वेकर परंपरेत अशी आठवण सांगतात की मरताना कीथ म्हणाला, मी क्वेकर असतानाच मेलो असतो तर बरं झालं असतं. मी यावर फारसा विश्वास ठेवत नाही. सोडून गेलेल्याच्या तोंडी शेवटी असं वाक्य घालायचा मोह कुठल्या पंथाला आवरला आहे?